दोन हिरवे दिवे

राखेचा बंधारा फुटल्यावर महिन्याभराने पार्बता माझ्या पत्र्याच्या खोलीत आली, समोर बसली आणि म्हणाली, "सिंधूबाई, मनात ठेवून जमत नाई मले. तुहा मोठा पोरगा त्या दिवशी पिऊन पडला व्हता. चौकीत. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्या बाईला मी दारातून हाकललं असतं. पार्बता रडत होती, माझे हात धरून माफी मागत होती, आणि जे घडलंच नव्हतं ते तिला लख्ख आठवत होतं.

हीच पार्बता बंधारा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या छावणीत माझ्या गळ्यात पडली होती. साऱ्या लोकांदेखत ती म्हणाली होती, की माझा मोठा पळत आला, त्याने तिचं दार बडवलं, तिला दंडाला धरून सडकेवर आणून सोडलं आणि तिच्या लेकीला, आरोहीला आणायला परत आत गेला. तेवढ्यात राख आली. आरोही दुसरीत होती. ती आणि माझा मोठा एकाच जागी सापडले.

मी म्हटलं, "पार्बता, तू तं मले दुसरंच सांगतलं व्हतं."

"मी? कधी?" तिने पदराने डोळे पुसले. "तवा मी भ्रमात असन, बाई. इलाजाले केंद्रावर जाऊन आली, मंग सारं साफ आठवलं."

सारा देश आता उन्हावर वीज करतो म्हणतात. पण पांढरघाटला अजून कोळसा जळतो, आणि त्याची राख पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळं भरत गेलं तसा बंधारा उंच करत गेले, आणि माती आणायला नको म्हणून राखेनेच उंच केला. खाली आमची वस्ती, चिंचटोला. माझा धाकटा भाऊ मारोती वीज केंद्रात बंधाऱ्याच्या पाहणीवर होता. आमची आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मी वाढवलं. बंधारा पाझरतो आहे हे त्याने वर कळवलं, पुन्हा पुन्हा कळवलं. वरून उत्तर आलं नाही. आला तो तोंडी हुकूम: भोंग्याची तार काढून ठेवा. भोंगा उगाच वाजतो, लोक घाबरतात, आणि नव्या संचाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत.

माझा मोठा बंधाऱ्यावर चौकीदार होता. दुपारी बंधारा खचायला लागला तेव्हा त्याने भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा वाजला नाही. मग तो पायी पळत सुटला.

मारोतीने हे सगळं वीज केंद्राच्या फाटकासमोर उभं राहून बातमीदारांना सांगितलं. थोड्याच दिवसांत त्याने पाठवलेले निरोप कार्यालयाच्या संगणकातून नाहीसे झाले. आता जे घडलं ते फक्त माणसांच्या डोक्यात उरलं होतं. मग सरकारने माणसांना न्यायला गाड्या पाठवल्या. पांढऱ्या, स्वच्छ, बाजूवर लिहिलेलं 'स्मृती साहाय्य केंद्र'. दुःखावर उपचार, तोही फुकट. झोपेविना पार्बतावर वेडी व्हायची पाळी आली होती. ती पहिल्या गाडीत बसली.

*

मारोतीला त्यांनी 'त्याच्या सुरक्षेसाठी' स्मृती साहाय्य केंद्रातच ठेवलं होतं. एक दिवस मलाही बोलावणं आलं.

पारखेडकर साहेब मुंबईहून आलेले उपसचिव. मी आत गेले तर ते उठून उभे राहिले. आमच्यासारख्या बाईसाठी साहेब उठून उभा राहिला, तेव्हाच मी समजले की काम मोठं आहे.

"बसा, सिंधूबाई. चहा घ्या. नाश्ता आणू?"

"माह्या भावाले भेटू द्या."

"भेटणारच आहात. त्यासाठीच तर बोलावलं. आधी आमच्या डॉक्टर तुम्हाला थोडं समजावतील."

डॉक्टर म्हणजे अन्विता, माझ्या सुनेच्या वयाची. तिने मला समजेल असं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलं मला कोणीच काही समजावलं नव्हतं. ती म्हणाली, आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती मोडतो आणि परत रचतो. परत रचून होईपर्यंत ती ओली असते, नुकत्याच टाकलेल्या सिमेंटसारखी. एरवी ती लगेच वाळते. पण नाकात एक फवारा मारला की ती अर्धा-पाऊण तास ओली राहते, आणि तेवढ्या वेळात तिच्यावर जे उमटेल ते पक्कं होतं. हा शोध लागला तो भूकंपातून वाचलेल्यांसाठी, सैनिकांसाठी. त्यांच्या आठवणीतली भीती पुसायची, आठवण ठेवायची.

"आन् तुम्ही भीती ठेवून आठवण पुसता?" मी विचारलं.

तिने पारखेडकरांकडे पाहिलं. पारखेडकर खिडकीकडे पाहत होते.

पुढचं तिने हळू आवाजात सांगितलं. डोक्याला लावायचा एक पट्टा असतो. ओल्या आठवणीवर नवं उमटतं आहे का, ते त्याच्यावरून कळतं. माणूस घाबरला किंवा दचकला तर आठवण तिथल्या तिथे मिटते आणि काम फसतं. म्हणून इथे कोणी कोणावर हात उचलत नाही, आवाजही चढवत नाही. आणि सगळ्यात चांगलं उमटतं ते घरच्या माणसाच्या आवाजाने. ज्याने वाढवलं त्याच्या आवाजाने.

तोच पट्टा साक्षीलाही लावतात, हे मला माहीत होतं. साक्ष प्रमाणन कायदा आला तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले होते. पोलीस मारून मारून जबाब घेतात आणि कोर्टात माणूस उलटतो, हे आता बंद होणार होतं. माणूस जे बोलतो ते त्याला स्वतःला खरं वाटत असेल तर दिवा हिरवा. खोटं बोलला तर लाल. भीतीने बोलला तर नारिंगी, आणि नारिंगी साक्ष बाद. हिरव्या दिव्याच्या साक्षीवर कोणाला शंका घेता येत नाही. पूर्वी खोटा जबाब घ्यायला काठी लागायची. काठीचा वळ तरी अंगावर राहायचा, लोकांना दाखवता यायचा. यांनी वळच ठेवला नाही.

"मारोतीच्या बैठका वाया जातायत," पारखेडकर म्हणाले. "आमचा आवाज त्याला परका लागतो. तुम्ही बोलायचं. फार नाही, एवढंच." त्यांनी कागद पुढे केला.

मी उशिरा वाचायला शिकले, सावकाश वाचते. ते थांबून राहिले. कागदावर लिहिलं होतं, की भोंगा चालू होता, मारोतीने चौकीदाराला तो वाजवायला सांगितलं, पण चौकीदार दारू पिऊन झोपला होता.

"हे मी माह्या लेकाबद्दल बोलू?"

"सिंधूबाई, बंधाऱ्याची पाहणी कोण करत होतं? मारोती. मग इतक्या माणसांच्या मृत्यूचा गुन्हा कोणावर लागेल? मी धमकी देत नाही, कायदा सांगतो. आणि तुमचा धाकटा मुलगा वीज केंद्रातच कंत्राटावर आहे ना? त्याचंही बघायला हवं." ते पुढे वाकले. "हे एवढं झालं की मारोती घरी. जो गेला त्याला आता कोण शिक्षा करणार आहे? मेलेल्याला काय दुखतं, बाई?"

"तुमची आई हाय का, साहेब?"

"आहे."

"तिले इचारा."

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मी हो म्हटलं. मेलेल्याचं नाव जाईल, पण जिवंत माणूस घरी येईल, असा विचार केला. एका आईला असा विचार करायला लावतात, वर बिस्किटं पुढे करतात, आणि त्याला म्हणतात साहाय्य.

*

मारोती आरामखुर्चीत होता. कपाळाला पट्टा, डोळे मिटलेले. दाढी वाढली होती. फवारा मारून झाला होता. अन्विताने त्याच्याकडून ती दुपार वदवून घेतली; तो सांगत गेला, पाझर, तार, फोन, चौकी. समोरच्या पडद्यावर निळी रेघ संथ झाली. आठवण ओली झाली होती.

तिने मला खूण केली.

"मारोती," मी म्हटलं.

त्याचा चेहरा सैल पडला. लहानपणी ताप यायचा तेव्हा मी कपाळावर हात ठेवला की तो असाच सैल पडायचा. "बाई, आली तू?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"आली. ऐक. भोंगा चालू व्हता."

"भोंगा..." तो थांबला. रेघ थोडी हलली आणि परत संथ झाली. "चालू व्हता."

मला वाटलं, माझ्या हातातून काहीतरी सुटून खोल पडतंय. इतकं सोपं होतं ते. माझा आवाज होता म्हणून त्याने वाद घातला नाही. माझ्यावर तो विश्वास टाकतो, तर त्याच विश्वासात हात घालून हे त्याचं घर लुटत होते, आणि हात माझा होता.

पुढचं वाक्य आलं. मी म्हटलं, "माह्या मोठ्यानं..."

पारखेडकरांनी बोट हलवलं. कानाशी येऊन पुटपुटले, "पूर्ण नाव. कायद्याला पूर्ण नाव लागतं. तुम्हाला मुलगे दोन आहेत."

आमच्या घरात आई पहिल्या लेकराचं नाव घेत नाही. त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. मी त्याला कधी बाबू म्हटलं, कधी मोठा म्हटलं. शाळेत नाव घालायला त्याचा बाप गेला होता. लग्नातदेखील पत्रिकेतलं नाव वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मी मारोतीच्या हातात पत्रिका दिली. त्याचं प्रेत ओळखायला गेले तेव्हा तिथला माणूस नाव विचारत होता आणि मी नुसती मान हलवत होते. शेवटी मारोतीने नाव सांगितलं.

हे पारखेडकरांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "प्रज्वल तुळशीराम नागोसे दारू पिऊन झोपला व्हता."

मारोतीचे डोळे खाडकन उघडले. पडद्यावरची रेघ उडाली आणि खोली नारिंगी दिव्याने भरून गेली.

"बाई," तो म्हणाला. तो उठायला बघत होता. "हे नाव तुह्या तोंडातून कोन काढून राह्यलं?"

अन्विता पुढे धावली. "मिटली," ती म्हणाली. "आठवण मिटली, सर. आज परत उघडणार नाही."

"परत फवारा मारा."

"नाही उघडणार, सर. तो दचकलाय."

"मग यांना सांगा, नाव हळू घ्या."

तेव्हा मला जो राग आला तो मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. मी कागद पारखेडकरांच्या हातात ठेवला. "साहेब, जन्मापासून मी त्याचं नाव घेतलं नाई. सरनावर ठेवला तवाबी घेतलं नाई. पह्यल्यांदा घेतलं ते तुमच्यासाठी, आन् कशाले, तं त्याले दारुड्या म्हनन्यासाठी. आता तुम्ही मले उलटी टांगा. हे मी दुसऱ्यांदा करनार नाई."

"मग मारोतीचं काय होईल याचा विचार केलात?"

"बाई," मारोती खुर्चीतून म्हणाला, "घरी जाय तू. जे व्हाचं ते होऊ दे."

*

बंधाऱ्याच्या चौकशी आयोगाची सुनावणी दुसऱ्याच दिवशी तहसीलच्या सभागृहात होती. तक्रार करणाऱ्याची साक्ष उघड्या सभेत, पट्टा लावूनच घ्यायची, असं त्यांचाच कायदा सांगत होता. ती टाळायला वाट नव्हती. आयोगाचे अध्यक्ष देशकर, निवृत्त न्यायाधीश. बातमीदार मागच्या बाकांवर.

सकाळी पार्बताची साक्ष झाली. चौकी, झोपलेला चौकीदार, बाटली. दिवा हिरवा. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माझी दया येत होती.

मग मारोती. पारखेडकर त्याच्याजवळ गेले, काहीतरी बोलले आणि दाराकडे बोट केलं. दारात पोलिसांची गाडी उभी होती, मागचं दार उघडं. मारोतीने बोलायला सुरुवात केली आणि दिवा नारिंगी झाला. तो थांबला, घसा साफ केला, परत बोलला. नारिंगी.

पारखेडकरांनी खांदे उडवले. भीतीने साक्ष बाद होते, आणि ती भीती यांनी स्वतःच्या हाताने दारात आणून उभी केली होती.

मी उठून उभी राहिले. "मारोती, मले सांग. त्या साहेबाहीले नको सांगू."

"बाई, खाली बसा," अध्यक्ष म्हणाले.

"बसते, साहेब. त्याचं तोंड तेवढं माह्याकडं करू द्या. तोंड कोनीकडं करून सांगावं हे कायद्यात लिहिलं हाय का?"

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पारखेडकरांकडे पाहिलं, आणि शिपायाला म्हणाले, "खुर्ची फिरवा त्यांची."

मारोतीने माझ्याकडे तोंड केलं. शाळेतून मार खाऊन आला की सांगायचा तसं त्याने सांगितलं, कधी अडत, कधी हातवारे करत. पाझर दिसला तो. तार काढली ती. काढायला कोणी सांगितली ते. चौकीतून त्याला फोन आला तो: "मामा, भोंगा वाजून नाई राह्यला, मी खाली जातो." ते शब्द ऐकताना माझे कान बंद झाले असते तर बरं झालं असतं. मारोतीच्या डोक्यावरचा दिवा नारिंगीतून हळूहळू फिका झाला आणि हिरवा झाला. शेवटपर्यंत हिरवा राहिला.

मग पार्बता उठली.

"मारोती, काहून खोटं बोलून राह्यला रे?" ती थेट त्याच्यासमोर आली. "तुह्या भाच्यासाठी बोलतं, हे समजते मले. पन माही आरोही गेली. मी पाह्यलं त्याले झोपलेला."

अध्यक्षांनी दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "यांनाही परत पट्टा लावा. दोघांना शेजारी बसवा."

"त्याची गरज नाही, सर," पारखेडकर म्हणाले.

"लावा."

दोघं शेजारी बसले. अध्यक्षांनी दोघांना एकच प्रश्न विचारला, चौकीदार त्या वेळी कुठे होता. मारोती म्हणाला, टोल्यावर पळत गेला. पार्बता म्हणाली, चौकीत झोपला होता.

दोन्ही दिवे हिरवे.

बातमीदार बाकांवर चढले. अध्यक्ष दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने पाहत होते. "श्री. पारखेडकर," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"तांत्रिक बिघाड असावा, सर."

"कोणत्या दिव्यात?"

मारोतीचा बिघडला म्हणावं तर पार्बताचा पट्टाही त्याच कारखान्यातला, त्याच कायद्याचा. आणि दोन्ही बिघडले म्हणावं तर राज्यभर हिरव्या दिव्यावर आत टाकलेल्या प्रत्येक माणसाचं काय? माणसाला खरं वाटतं आणि ते खरं असतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच त्या दिव्यांनी सांगितलं. पण एवढ्यावरच त्यांचा सगळा डोलारा उभा होता.

सुनावणी बेमुदत पुढे ढकलली. त्या दोन दिव्यांचं चित्र संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचलं. आता गावोगावचे लोक अर्ज करतायत, आमच्या माणसाची साक्ष परत घ्या. सरकार म्हणतं, समिती नेमली आहे. आणि मारोतीला त्या दिवशी सभागृहाच्या दारातूनच गाडीत बसवलं. खरं बोलला म्हणून नाही, असं ते सांगतात; पाहणीत हयगय केली म्हणून. तो अजून आत आहे. पारखेडकरांची बढती झाली.

*

सुनावणीनंतर पार्बता काही दिवस माझ्यासमोर आली नाही. नळावर मी दिसले की भांडं तसंच ठेवून निघून जायची. मग एका दुपारी आली, दारातच उभी राहिली.

"ये न आत," मी म्हटलं.

ती आत आली नाही. "मले एक सांग," ती म्हणाली. "मारोतीचा दिवाबी हिरवा, माहाबी हिरवा. मारोती लहानपनापासून मले ठावं हाय, तो शब्द फिरवनारा मानूस नाई. मंग माह्याच डोक्यात त्या केंद्रवाल्याहीनं काही घातलं असन का?"

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"खरं सांग, सिंधूबाई. मी तुले आधी काय सांगतलं व्हतं?"

किती दिवस मला तिला हेच ओरडून सांगायचं होतं. तुझ्या दारावर माझ्या लेकाने हात आपटून आपटून तुला बाहेर काढलं, आणि तू त्याला दारुड्या म्हणतेस. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि मी थांबले. केंद्रातल्या खुर्चीत बसलेला मारोती मला दिसला, माझा आवाज ऐकून सैल पडलेला. पार्बताही तशीच उभी होती. मी जे म्हणेन ते ती घेणार होती.

"पार्बता, मी सांगते," मी म्हटलं. "पन मी सांगीन ते तू ऐकलेलं म्हनून ठेव. आठवलं म्हनून नको ठेवू. तुह्या डोक्यात काय हाय, ते आता मलेबी ठावं नाई आन् तुलेबी."

ती उंबऱ्यावर बसली. "हाव. सांग."

मी सांगायला सुरुवात केली. दार बडवलं, तिथून. ती मान हलवत ऐकत होती, जशी कोणा परक्या बाईची गोष्ट ऐकावी तशी. माझा मोठा परत आत गेला इथपर्यंत आले, तेव्हा तिने मला हाताने थांबवलं.

"मले आरोही दिसते, बाई. रोज दिसते. निळ्या फराकात, दारात उभी, मले हाक मारताना. पन आता भेव वाटते. ते तरी माहं हाय का, का तेबी त्याहीनंच घातलं?" तिने माझा हात घट्ट धरला. "ती निळ्याच फराकात व्हती का? तवा मी तुले काय सांगतलं व्हतं?"

छावणीत ती माझ्या गळ्यात पडून जे जे बोलली, त्यातला शब्द न् शब्द मी आठवून पाहिला.

"ते तू मले सांगतलं नव्हतं, पार्बता," मी म्हटलं.